स्टेट बँकेच्या शेअरच्या तपासणीचे सहा महिने

बेळगाव, खानापूर, निपाणी या आमच्या पट्ट्यात 'शेअर' म्हटलं की आधी सोसायटीचा शेअर आठवतो. शंभर रुपयांचा कागद, वर्षाची सर्वसाधारण सभा, जाहीर होईल तो डिव्हिडंड, आणि सभासदत्व सोडलं की सहसा शंभराचे शंभर परत. बाजारातल्या बँकेच्या शेअरशी त्याचं नातं फक्त नावापुरतं आहे. हा शेअर बँक परत घेत नाही, तो दुसऱ्या कुणाला तरी विकावा लागतो, आणि तो माणूस किती देईल हे त्या दिवशीच कळतं. मोठ्या बँकेचा शेअर घ्यावा की नाही हे ठरवताना काय काय पाहिलं, किती वेळ आणि पैसा गेला आणि कुठे चुकलं, ते तारीखवार लिहिते आहे. कुणी घ्यावा किंवा घेऊ नये असा सल्ला यात नाही.

सुरुवात २८ एप्रिल २०२५ ला झाली. पाच लाखांची मुदतठेव पुरी झाली. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारीत आणि एप्रिलमध्ये रेपो दर (ती बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो) पाव-पाव टक्का कमी केला होता, त्यामुळे नूतनीकरणाचा दर आधीपेक्षा कमी मिळणार हे उघड होतं. त्यातले १,२०,००० रुपये बाजूला काढून स्टेट बँकेच्या शेअरचा अभ्यास करायचा, पटलं तरच चार हप्त्यांत घ्यायचा, बाकी ठेवीतच राहू द्यायचं, असं ठरलं. शेजारच्या मामांचं मत एका वाक्यात होतं: "अगं, स्टेट बँकेचा शेअर म्हणजे एफडीच की, मागं सरकार हाय!" पुढचे सहा महिने मी या एका वाक्याचीच तपासणी करत होते.

हे वाक्य खोटं का, ते आधी सांगते. ठेव म्हणजे बँकेनं आपल्याकडून घेतलेलं कर्ज. त्यातल्या पाच लाखांपर्यंत, व्याज धरून, ठेव विम्याचं संरक्षण आहे. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून लागू झाली. शेअरला असं काहीच नाही. बँक अडचणीत आली की शेअरहोल्डर रांगेत सर्वांत शेवटी उभा असतो. मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदाराला ५०,००० रुपयांपर्यंतच काढता येत होते, पण १८ मार्चला निर्बंध उठले आणि ठेवीदाराचा एक रुपयाही बुडाला नाही. त्याच बँकेचा शेअर २०१८ साली ४०० च्या आसपास होता. वाचवायला आलेल्या बँकांना तो १० रुपयांनी दिला गेला. शंभराहून जास्त शेअर असलेल्या जुन्या शेअरहोल्डरांचे तीन-चतुर्थांश शेअर तीन वर्षं विकता येणार नाहीत असं बंधन आलं. बँक वाचली, ठेवीदार वाचला, मालक मात्र बुडाला. बँकेकडे ठेवीदार म्हणून बघणं वेगळं आणि मालक म्हणून बघणं वेगळं, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

३ मे, शनिवार. स्टेट बँकेचे २०२४-२५ चे निकाल आले. निव्वळ नफा ७०,९०१ कोटी, आदल्या वर्षी ६१,०७७ कोटी. शेअरमागे १५ रुपये ९० पैसे डिव्हिडंड. त्या दिवशी मी फक्त प्रसिद्धिपत्रक वाचलं आणि सगळं छानच चाललंय असं वाटलं. ही पहिली चूक. प्रसिद्धिपत्रक बँकेला काय ठळक दाखवायचं आहे ते सांगतं. खरा ऐवज असतो विश्लेषकांसाठीच्या सादरीकरणात, वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये आणि भांडवलाबाबतच्या बासेल प्रकटीकरणात. तिन्ही बँकेच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांच्या विभागात फुकट मिळतात. सादरीकरण मी आरपीडी कॉर्नरजवळ छापून घेतलं, पानाला दोन रुपये. मोबाइलवर तक्ते वाचता येत नाहीत, हा खर्च जरूर करा. वार्षिक अहवाल जाड असतो आणि हिंदी-इंग्रजीत असतो. तो सगळा छापू नका, ताळेबंद आणि 'हिशेबावरील टिपा' एवढीच पानं छापा. समासात प्रत्येक शब्दाला आपला मराठी शब्द लिहीत गेलं की तिसऱ्या दिवशी अडखळायला होत नाही.

मधल्या आठवड्यात डिव्हिडंडची घाई सुरू झाली. रेकॉर्ड डेट, म्हणजे ज्या दिवशी शेअर नावावर असला तर डिव्हिडंड मिळतो ती तारीख, १६ मे होती. व्यवहार दुसऱ्या दिवशी पुरा होतो, म्हणून १५ मेपर्यंत घेतलेल्यालाच डिव्हिडंड मिळणार होता. ओळखीतले दोघे तिघे "पंधरा तारखेच्या आत घ्या" म्हणून मागे लागले. शेअर ८०० च्या आसपास होता, म्हणजे डिव्हिडंड जेमतेम दोन टक्के. रेकॉर्ड डेटच्या सुमारास भाव साधारण तेवढाच उतरतो, आणि डिव्हिडंड आपल्या उत्पन्नात धरून त्यावर कर लागतो. पंधरा रुपयांसाठी आठशेचा निर्णय पंधरा दिवसांत करायचा नाही, म्हणून ती तारीख जाऊ दिली. डिव्हिडंड ३० मे रोजी वाटला गेला.

मे आणि जून वाचनात गेले. दुकानाचा किंवा कारखान्याचा ताळेबंद वाचायची सवय असलेल्याला बँकेचा ताळेबंद उलटा वाटतो. आपली ठेव तिथं देणं म्हणून दिसते आणि आपलं घरकर्ज तिथं येणं म्हणून. कंपनी तपासताना कर्ज किती, शिल्लक माल किती, रोखीचा ओघ किती हे पाहतात, इथं ते निकष चालत नाहीत. बँकेचा माल म्हणजे पैसाच. म्हणून पहिला प्रश्न: हा पैसा कुठून आणि किती स्वस्तात येतो?

मार्च २०२५ अखेर स्टेट बँकेच्या ठेवी ५३.८२ लाख कोटी होत्या, कर्जं ४२.२१ लाख कोटी. म्हणजे शंभर रुपयांच्या ठेवीमागे साधारण ७८ रुपये कर्जात. देशातल्या ठेवींपैकी ३९.९७ टक्के बचत आणि चालू खात्यांत. खडेबाजारातल्या व्यापाऱ्याच्या चालू खात्यावर बँक व्याज देत नाही, आणि पेन्शनरच्या बचत खात्यावर १५ जून २०२५ पासून अडीच टक्के देते. हाच बँकेचा सर्वांत स्वस्त कच्चा माल. हा टक्का घसरला की बँकेला महाग मुदतठेवींवर विसंबावं लागतं, मग नफा टिकवायला कर्जं महाग किंवा जोखमीची द्यावी लागतात. तुलनेसाठी एचडीएफसी बँक पाहिली. १ जुलै २०२३ ला एचडीएफसी लिमिटेड तिच्यात विलीन झाली, तेव्हा घरकर्जं आली पण त्यांच्या जोडीला तेवढ्या ठेवी आल्या नाहीत, मुख्यतः उसनवारी आली. कर्ज-ठेव प्रमाण ११० टक्क्यांच्या घरात गेलं, आणि ते खाली आणायला बँकेला दोन वर्षं कर्जवाढीला लगाम लावावा लागला. मार्च २०२५ ला ते ९६-९७ वर आलं होतं. खासगी बँकेचा नफा आणि शिस्त कितीही चांगली असली तरी हा आकडा आधी पाहावा, असं माझं मत झालं.

दुसरा आकडा निव्वळ व्याज मार्जिन, म्हणजे मिळालेलं व्याज वजा दिलेलं व्याज, शेकड्यात. सगळ्या बँकेचं मिळून ते वर्षभरात ३.०९ टक्के होतं. हा आकडा लहान दिसतो, म्हणून त्याचं वजन करून पाहिलं. निव्वळ व्याज उत्पन्न १,६६,९६५ कोटी होतं, त्यावरून मागे हिशेब केला तर मार्जिनमध्ये शंभर रुपयांमागे फक्त दहा पैशांचा फरक पडला तरी वर्षाला सुमारे ५,४०० कोटींचा फरक पडतो. आणि फरक पडणार होता. १ ऑक्टोबर २०१९ पासून नवी बदलत्या दराची घरकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधलेली आहेत. ६ जूनला रेपो एकदम अर्धा टक्का उतरून साडेपाचवर आला, म्हणजे पाच महिन्यांत एक टक्का. कर्जाचा दर लगेच खाली येतो, पण मुदतठेवीचा दर मुदत संपेपर्यंत हलत नाही. आपली ठेव जुन्या दरानं चालू आहे याचा आपल्याला आनंद असतो. मालकाच्या बाजूनं तोच खर्च आहे.

तिसऱ्या मुद्द्यावर मी सर्वांत जास्त दिवस घालवले: थकबाकी. ढोबळ एनपीए, म्हणजे एकूण कर्जातली थकलेली कर्जं, १.८२ टक्के; तरतूद वजा केल्यावर निव्वळ ०.४७ टक्के. हेच आकडे मार्च २०१८ ला १०.९१ आणि ५.७३ होते, आणि त्या वर्षी बँकेला ६,५४७ कोटींचा तोटा झाला होता. ती कर्जं २०१८ साली बुडाली नव्हती. पोलाद, वीज, रस्ते यांना आधीच्या दशकात दिलेली कर्जं नवं-जुनं करून, म्हणजे जुनं फेडायला नवं देऊन, चालू दाखवली जात होती. २०१५ पासून रिझर्व्ह बँकेनं मालमत्तेच्या दर्जाची तपासणी सुरू केल्यावर ती उघडी पडली. पतसंस्थेत मार्चअखेर 'नवं-जुनं' करून थकबाकी झाकतात हे आपल्याकडे कुणाला नवीन नाही. तेच मोठ्या प्रमाणावर झालं होतं.

एनपीएचा टक्का तीन कारणांनी उतरतो. वसुली झाली म्हणून, कर्ज निर्लेखित केलं, म्हणजे ताळेबंदातून काढून टाकलं म्हणून, किंवा नवी कर्जं भराभर दिल्यामुळे भागाकारातला खालचा आकडा फुगला म्हणून. तिन्हींचा अर्थ वेगळा. त्यामुळे एनपीएपेक्षा वर्षभरात नव्यानं किती कर्जं थकली, म्हणजे स्लिपेज, ते पाहावं. २०२४-२५ मध्ये ते ०.५५ टक्के होतं. आणि बुडीताच्या तरतुदीचा खर्च कर्जाच्या ०.३८ टक्के. हे फार चांगल्या काळाचे आकडे आहेत, नेहमीचे नाहीत. म्हणून एक हिशेब मांडला, तो इथं पूर्ण देते.

समजा हा खर्च ०.३८ वरून १ टक्क्यावर गेला. वाढ ०.६२ टक्के. ४२.२१ लाख कोटींवर ती सुमारे २६,००० कोटी होते. पंचवीस टक्के कर धरला तर निव्वळ नफ्यातून साडेएकोणीस हजार कोटी जातात. शेअर तेव्हा ८९२.४६ कोटी होते, म्हणजे शेअरमागे २२ रुपये. वर्षाची मिळकत शेअरमागे ७९ रुपये ४४ पैसे होती, ती साडेसत्तावन्नवर येते. ८०० च्या भावाला आज मिळकतीच्या दहापट वाटणारा शेअर तेव्हा चौदापट होतो. भाव तोच, बँक तीच, पण स्वस्त म्हणून घेतलेली गोष्ट स्वस्त राहत नाही. बँकेचा नफा सर्वांत मोठा असतो तेव्हाच तिचा शेअर भाव-मिळकत गुणोत्तरावर सर्वांत स्वस्त दिसतो, म्हणून या एका आकड्यावर बँक घेऊ नये.

थकबाकीत आणखी दोन ठिकाणी नजर टाका. एक, तीस ते नव्वद दिवस थकलेल्या खात्यांचा तक्ता. सादरीकरणात तो फक्त पाच कोटींवरच्या कर्जदारांचा असतो. किरकोळ कर्जदाराची, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्यांची कुचराई त्यात दिसतच नाही, त्यामुळे तो लहान दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. दुसरं, अहवालाच्या टिपांमधला 'डायव्हर्जन्स': बँकेनं दाखवलेला एनपीए आणि रिझर्व्ह बँकेच्या तपासनिसांना सापडलेला एनपीए यातली तफावत. २०१८-१९ साठी स्टेट बँकेत ती ११,९३२ कोटी निघाली होती. मोठी तफावत ज्या वर्षी लिहिलेली असेल, त्या वर्षाच्या बाकी आकड्यांवर पुन्हा एकदा बोट ठेवून वाचावं.

विभागवार तक्त्यात शेतीकर्जाचा एनपीए इतरांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो. चिकोडी-अथणीकडच्या माणसाला याचं कारण समजावून द्यायला नको. उसाचं बिल कारखान्याकडून उशिरा आलं की पीककर्ज उशिरा भरलं जातं. कर्जमाफीची घोषणा झाली की भरू शकणाराही थांबतो. त्यामुळे जून तिमाहीत स्लिपेज चढलेलं दिसलं तर लगेच घाबरू नये. तिमाहीची तुलना आदल्या तिमाहीशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करावी.

किमतीसाठी मी पुस्तकी मूल्य धरलं. भांडवल आणि राखीव निधी मिळून सुमारे ४.४१ लाख कोटी, म्हणजे शेअरमागे ४९४ रुपये. त्यातून निव्वळ एनपीए पूर्ण बुडीत धरून शेअरमागे सुमारे २२ रुपये वजा केले: ४७२. इमारतींचं फेरमूल्यांकन करून वाढलेला निधीही यात असतो. काटेकोर माणूस तोही वजा करतो. उलट बाजूला एक गोष्ट मिळवायची असते. एसबीआय लाइफ, एसबीआय कार्ड अशा कंपन्यांतली गुंतवणूक बँकेच्या स्वतःच्या ताळेबंदात जुन्या खरेदी किमतीला पडलेली आहे. एसबीआय लाइफचे साधारण शंभर कोटी शेअर, त्यातले पंचावन्न टक्क्यांहून थोडे जास्त बँकेचे. म्हणजे लाइफच्या भावातल्या दर शंभर रुपयांमागे स्टेट बँकेच्या एका शेअरच्या वाट्याला सुमारे सहा रुपये येतात. लाइफ १,७५० ला असेल तर १०८ रुपये. कार्डाचंही असंच काढलं. हे धरलं की ८०० रुपयांतला बँकेचा स्वतःचा भाव पुष्कळ कमी उरतो. पण या कंपन्यांचे भावही बाजाराचेच आहेत, तेही पडतात, म्हणून मी त्यांचे तीन-चतुर्थांशच धरले.

याच सुमाराला एक ओळखीच्या काकू कपाटात सापडलेला कागद घेऊन आल्या: स्टेट बँक ऑफ म्हैसूरचं शेअर सर्टिफिकेट. अशी कागदं आपल्याकडे घरोघरी निघतात, म्हणून लिहून ठेवते. म्हैसूरच्या १० शेअरला स्टेट बँकेचे २२ मिळाले (१ एप्रिल २०१७). विजया बँकेच्या १,००० ला बँक ऑफ बडोदाचे ४०२ (१ एप्रिल २०१९). १ एप्रिल २०२० ला सिंडिकेटच्या १,००० ला कॅनराचे १५८ आणि कॉर्पोरेशन बँकेच्या १,००० ला युनियन बँकेचे ३३०. सात वर्षं सलग डिव्हिडंड उचलला नसेल तर शेअर गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे वर्ग होतात, तिथून परत मागता येतात, पण वेळ लागतो. विलीनीकरणात शाखा तीच राहिली, काउंटर तोच राहिला, पासबुकात एक पैसाही हलला नाही. मालकाच्या हातातला कागद मात्र बदलला, आणि तो किती शेअरांना किती हे त्याला विचारून ठरलं नव्हतं. सरकारी बँकेचा शेअर घेताना बहुसंख्य मालक सरकार आहे आणि त्याची उद्दिष्टं आपल्यापेक्षा वेगळी असू शकतात, हे धरूनच चालावं लागतं.

शेअर ज्यात जमा राहतात त्या डिमॅट खात्याचं काम १६ जूनला सुरू केलं. ऑनलाइन अर्जाला पंधरा मिनिटं लागली, तो मंजूर व्हायला सव्वा महिना. कारण माझ्या नावातला 'ज्ञ'. पॅनवर तो मराठी वळणानं डी-एन-वाय असा लिहिलेला आहे. आधार कर्नाटकात काढलेलं, कन्नड उच्चाराप्रमाणे तिथं जे-एन झालं. दोन वेळा अर्ज नाकारला गेला आणि कारण फक्त 'नाव जुळत नाही' एवढंच. सीमाभागातल्या ज्ञानेश्वर, प्रज्ञा, संज्ञा सर्वांनी अर्ज करण्याआधी पॅन, आधार आणि पासबुक शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहावं. पॅन बदलायला जाऊ नका, त्याला बाकी सगळं जोडलेलं असतं. आधार केंद्रात पॅन दाखवून आधारवरचं नाव बदलून घेतलं, पन्नास रुपये, अकरा दिवस. पत्त्यात एकीकडे बेळगाव आणि दुसरीकडे बेळगावी असल्यानं माझं काही अडलं नाही. खातं २३ जुलैला चालू झालं. खातं उघडताना 'बेसिक' डिमॅट मागा: १ सप्टेंबर २०२४ पासून चार लाखांपर्यंतच्या शेअरना वार्षिक शुल्क नाही, चार ते दहा लाखांना १०० रुपये. नॉमिनी त्याच वेळी भरा.

या दिरंगाईचा एक फायदा झाला. जुलैत बँकेनं मोठ्या संस्थांना शेअर देऊन २५,००० कोटी उभे केले, भाव ८१७ रुपये. नवे शेअर निघाले की आपला वाटा पातळ होतो अशी धास्ती असते. हिशेब केला: सुमारे ३०.६ कोटी नवे शेअर, एकूण ९२३ कोटी. पुस्तकी मूल्य ४.४१ अधिक ०.२५ लाख कोटी, भागिले ९२३, म्हणजे ५०५. शेअरमागचं मूल्य ४९४ वरून वाढलं, कारण नवे शेअर पुस्तकी मूल्याच्या वरच्या भावानं दिले. हेच पुस्तकी मूल्याच्या खाली दिले असते तर जुन्या मालकाचं नुकसान झालं असतं. सरकारी बँकांत वाईट वर्षांत तसं घडलेलं आहे. नवे शेअर निघाले की भाव आधी पाहायचा, तो याचसाठी.

८ ऑगस्टला जून तिमाहीचे निकाल आले. नफा १९,१६० कोटी, साडेबारा टक्क्यांनी जास्त. या वेळी मी नफा शेवटी वाचला. निव्वळ व्याज उत्पन्न ४१,०७२ कोटी, म्हणजे वाढ नाहीच, किंचित घटच. मार्जिन २.९० वर आलेलं. वाढ आली ती इतर उत्पन्नातून, त्यात रोख्यांवरच्या नफ्याचा मोठा भाग. व्याजदर उतरतात तेव्हा बँकेकडच्या जुन्या रोख्यांची किंमत वाढते. हे उत्पन्न खरं आहे, पण पुढच्या वर्षी पुन्हा येईलच असं नाही. एनपीए १.८३, जागच्या जागी. मार्जिन उतरणार हे जूनमध्येच वहीत लिहिलेलं होतं, थकबाकी वाढलेली नव्हती, भाव पुस्तकी मूल्याच्या दीडपट-पावणेदोनपट. पहिला हप्ता घ्यायचं ठरलं.

२० ऑगस्ट, बुधवार. ३६ शेअर, ८२७ च्या आसपास, २९,७७२ रुपये. त्यावर व्यवहार कर शेकडा दहा पैसे म्हणजे ३० रुपये, मुद्रांक सुमारे साडेचार रुपये, दलाली आणि बाकी आकार धरून शंभराच्या आत. खरेदी 'डिलिव्हरी' मध्येच, म्हणजे शेअर आपल्या खात्यात जमा होणारी, आहे ना हे दोनदा पाहा, आणि बाजारभावाऐवजी आपला भाव टाकून ऑर्डर द्या. विकताना डिमॅटचा वेगळा आकार लागतो. वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के कर, वर्षानंतर विकलं तर वर्षाला सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. बटण दाबताना हात थरथरला हे खरं आहे. त्या दिवशी भाव पुन्हा पाहिला नाही.

दुसरा हप्ता सप्टेंबर तिमाहीच्या निकालानंतर ठरवायचा होता. ४ नोव्हेंबरला आकडे आले, त्याच दिवसांत गुर्लापूर क्रॉसला ऊसदराचं आंदोलन पेटलं होतं आणि वर्तमानपत्रांत बँकेची बातमी आतल्या पानावर होती: नफा २०,१६० कोटी, दहा टक्के वाढ. एनपीए आणखी उतरून १.७३. भाव साडेनऊशेच्या वर. सगळीकडे शाबासकी. मी छापलेलं पान घेऊन ओळी मोजत खाली आले, आणि एका ओळीत ४,५९३ कोटींचा अपवादात्मक नफा होता. येस बँकेतले १० रुपयांनी घेतलेले काही शेअर बँकेनं साडेएकवीसनं जपानी बँकेला विकले, त्याचा. तो बाजूला काढला, त्यावरचा कर बँकेच्या बाजूनं धरला, तरी उरलेला नफा मागच्या वर्षीच्या १८,३३१ कोटींपेक्षा कमी भरतो. निव्वळ व्याज उत्पन्न ४२,९८४ कोटी, वाढ सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. मार्जिन २.९३, घसरण थांबल्यासारखी.

मग पुस्तकी मूल्य पुन्हा मांडलं. ५०५ मध्ये दोन तिमाहींचा नफा, शेअरमागे सुमारे ४२ रुपये, मिळवला: ५४७. साडेनऊशे भागिले ५४७, पावणेदोनपट. बँक बिघडलेली नव्हती, उलट थकबाकीच्या बाबतीत आणखी नीट झाली होती. पण मूळ धंद्याचा नफा वाढलेला नसताना भाव मात्र सहा महिन्यांत दीडशे रुपयांनी चढला होता. दुसरा हप्ता घेतला नाही. तीस हजार होते तिथंच ठेवीत राहिले. मामांनी विचारलं, "चांगला चाललाय शेअर, आनि घेतला नाहीस?" त्यांना ती छापलेली ओळ दाखवली.

वहीत आता प्रत्येक तिमाहीला एक उभा रकाना आहे आणि सहा आडव्या ओळी: बचत-चालू खात्यांचा टक्का, मार्जिन, स्लिपेज, बुडीताच्या तरतुदीचा खर्च, अपवादात्मक नफा वजा केलेला नफा, आणि भाव भागिले पुस्तकी मूल्य. ऑक्टोबरमध्ये सातवी ओळ वाढवली. थकण्याची वाट न पाहता अपेक्षित नुकसानीची तरतूद आधीच करायची, असा नियम रिझर्व्ह बँकेनं तेव्हा १ एप्रिल २०२७ पासून प्रस्तावित केला. त्यासाठी बँका भांडवलातून किती बाजूला काढतात ते त्या ओळीत येईल. 'डिसेंबर २०२५' चा रकाना आखून ठेवला आहे. डिमॅटचा क्लायंट क्रमांक, नॉमिनीची पावती आणि ही वही कपाटाच्या कोणत्या खणात आहे, ते घरात दोघांना सांगितलं आहे.